स्टोरी टाकली म्हणून हॉल तिकीट अडवता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी, वय वीस. कॉलेजच्या लेडीज रूममध्ये तीन दिवस पाणी नव्हतं. तिनं कोरड्या नळाचा आणि संडासांचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकली, खाली ओळ लिहिली : ‘एवढी फी घेता, मग पाणी कुठं मुरतंय?’ दुसऱ्या दिवशी उपप्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून तिच्याकडून मोबाइल अनलॉक करून घेतला आणि चॅट वाचले. वडील पूर्व भागात यंत्रमागावर कामाला आहेत. त्यांना बोलावून हजेरी आणि अंतर्गत गुण दाखवले, वर ‘तुमची मुलगी समुपदेशक मॅडमकडे जाते, ठाऊक हाय का तुम्हाला?’ असंही सांगितलं. मुलीकडून माफीपत्र आणि वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं. स्टोरीचा स्क्रीनशॉट तिच्या नावासह वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता हॉल तिकीट देणार नाही, एल.सी.वर, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर, शेरा मारू, पोलिसांत देऊ, असं चाललंय. ती विचारते, हे चालतं का? माझ्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते मला बघता येईल का? आणि अमेरिकेत शिकणारा मावसभाऊ म्हणतो की तिकडे असं करून कॉलेज सुटलं नसतं, मग आपल्याकडे तसा कायदा का नाही?

कॉलेजचं नाव तू लिहिलं नाहीस, ते बरंच झालं. उत्तर त्यानं बदलत नाही.

आधी हॉल तिकीट, कारण बाकीचं भांडण महिनाभर चाललं तरी चालेल, परीक्षा थांबणार नाही. कॉलेज स्वायत्त नसेल तर परीक्षा कॉलेज घेत नाही, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ घेतं. तुझा फॉर्म गेला, शुल्क भरलं, हजेरी नियमात बसली, की तू विद्यापीठाची परीक्षार्थी. कॉलेज ते तिकीट छापून तुझ्या हातात देणार, एवढंच त्याचं काम. हजेरी कमी पडली, फॉर्म भरला नाही, कॉपी प्रकरणात शिक्षा झाली, अशी कारणं नियमांत आहेत. ‘आमची बदनामी केली’ हे कारण कुठल्याच नियमात नाही. कॉलेज स्वायत्त असलं तरी त्याला नियम छापावे लागतात आणि त्यातल्याच एखाद्यावर बोट ठेवावं लागतं.

म्हणून आजच प्राचार्यांना चार ओळींचं पत्र दे : माझं हॉल तिकीट कोणत्या नियमाखाली, कोणाच्या आदेशानं रोखलं आहे ते लेखी कळवावं. त्याची प्रत केगावला, विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना. आवक विभागातून तुझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. क्लार्क ‘साहेबांना विचारतो’ म्हणून पोच द्यायला टाळाटाळ करेल. तिथं वाद घालत बसू नकोस. तेच पत्र कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठव आणि स्पीड पोस्टनंही टाक. पावती पोचेइतकीच कामाची. माझ्या पाहण्यात अशी बरीच प्रकरणं या टप्प्यावरच विरतात. केबिनमध्ये बोललेलं वाक्य कागदावर सही करून लिहायची वेळ आली की लिहिणाऱ्याला स्वतःची नोकरी आठवते.

आता स्टोरी. कोरड्या नळाच्या फोटोत काहीही गैर नाही. राज्यघटनेचं कलम १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) मध्ये ते कशाकशासाठी आवळता येतं याची यादी आहे : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. ‘संस्थेची प्रतिमा’ त्या यादीत नाही. सगळ्यात जवळ जाणारं कारण म्हणजे बदनामी. तिथंही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा पहिलाच अपवाद असा आहे की लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट बदनामी ठरत नाही. नळाला पाणी नव्हतं हे खरं. मुलींच्या संडासात पाणी असावं यात लोकहित नाही असं म्हणायला फार धीट माणूस लागेल.

‘पाणी कुठं मुरतंय’ ही ओळ जरा काठावरची, पण काठाच्या अलीकडची. तो टोमणा आहे, कुणाचं नाव नाही, रक्कम नाही. हेच तू ‘अमुक सर पाण्याचे पैसे खातात’ असं लिहिलं असतंस आणि हातात कागद नसता, तर मी तुला ती ओळ काढायलाच सांगितलं असतं.

पण तुझ्या मेसेजमध्ये एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस : फोटोत मागं बेसिनपाशी तोंड धुणारी एक मुलगी दिसते. तिला विचारलं होतंस का? लेडीज रूममधला फोटो तिच्या परवानगीशिवाय शेकडो लोकांना दाखवणं ही तिच्या खाजगीपणावर गदा आहे, ती तुझी मैत्रीण असली तरी. कॉलेजच्या हाती खरा मुद्दा हा एवढाच आहे आणि तो त्यांना सुचलेला दिसत नाही. सुचायच्या आत तू स्वतःहून दुरुस्ती कर. स्टोरी चोवीस तासांत गेली असेल, पण हायलाइटमध्ये ठेवली असशील तर ती काढ, त्या मुलीला सांग, आणि हवं तर फक्त नळाचा फोटो पुन्हा टाक. काढण्याआधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट स्वतःजवळ ठेव. उद्या ‘तिनं भलतंच काहीतरी लिहिलं होतं’ असं कुणी म्हणालं तर मूळ मजकूर तुझ्याकडे हवा.

पोलिसांची धमकी. अजूनही काही जण ‘६६ए लावतो’ म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. त्या याचिकेला निमित्त आपल्याच राज्यातलं होतं, २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी झालेली अटक. नंतर २८ मार्च २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शब्दांबद्दलच्या गुन्ह्यांत, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेची कलमं असतील तर, एफआयआर नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची तरतूद पोलिसांनी वापरावी. तुझ्या बाबतीत तेवढं गंभीर कलम लागायला जागाच दिसत नाही, आणि बदनामी हा तर पोलिसांनी परस्पर नोंदवायचा गुन्हाच नाही. तरी कुणी ‘चौकशीला या’ म्हणून फोन केला तर लेखी नोटीस माग. साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज कुठं बोलावता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये लिहिलंय.

विद्यार्थ्यांच्या बोलण्याबद्दल न्यायालयं काय म्हणतात, हे तुझ्या उपप्राचार्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच स्पष्ट आहे. १९८५ साली केरळमधल्या तीन शाळकरी मुलांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती मुलं गीताच्या वेळी उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प राहण्याचाही हक्क असतो, असा तो निकाल. अलीकडचं उदाहरण जास्त जवळचं. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीनं समाजमाध्यमावर एक पोस्ट पुढं पाठवली, मग काढून टाकून माफीही मागितली, तरी तिला अटक झाली आणि कॉलेजनं नाव कमी केलं. मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू दिलं. तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढलं होतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. तिचा मजकूर तुझ्या नळापेक्षा कितीतरी वादग्रस्त विषयावरचा होता, हे लक्षात घे.

पण हवेत जाऊ नकोस. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं, तेव्हा मार्च २०२५ मध्ये त्याच उच्च न्यायालयानं त्याची याचिका फेटाळली. संस्थेचं नाव जोडलेल्या फलकाखाली तो राजकीय मोर्चात गेला होता, हा त्यात मोठा मुद्दा ठरला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निलंबन भोगलेल्या काळापुरतंच ठेवून त्याला अभ्यास पुरा करू दिला, पण तोवर वर्ष गेलंच की. तुझ्यासाठी त्यातून घ्यायचं ते एवढंच की कॉलेजचं बोधचिन्ह किंवा ‘अमुक कॉलेज विद्यार्थी’ असं नाव घेऊन संस्थेच्या वतीनं बोलल्यासारखं करू नकोस. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या खात्यावर, स्वतः पाहिलेलं लिही.

मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागलेलं हे शहर आहे. त्या लढ्यात फाशी गेलेल्या चौघांच्या स्मृतिदिनी, १२ जानेवारीला, चार हुतात्मा पुतळ्यापाशी हार घालायला आणि भाषणं करायला कॉलेजची पोरंच पुढं असतात, आणि तिथं कुणी त्यांना ‘आवाज कमी’ म्हणत नाही. असो.

शिस्तभंगाची कारवाई कॉलेजला करता येते, कुणी नाही म्हणत नाही. पण ती कशी करायची याला रीत आहे. आरोप काय ते लेखी द्यायचं, उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा, म्हणणं ऐकायचं, मग कारण देऊन आदेश काढायचा. परीक्षेतल्या गैरप्रकारात सुद्धा मंडळाला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ सालीच सांगून ठेवलंय. याला एक बाजू अशी आहे जी विद्यार्थ्यांना आवडत नाही : १९७३ च्या एका निकालात, मुलींच्या हॉस्टेलमध्ये शिरलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तक्रारदार मुलींची उलटतपासणी घेऊ दिली नाही तरी कारवाई वैध ठरली, कारण मुलींची सुरक्षितता महत्त्वाची होती. म्हणजे कॉलेजची चौकशी म्हणजे कोर्टातला खटला नव्हे. पण तुझ्या बाबतीत नोटीस, समिती, आदेश यातलं काहीच नाही. केबिन आहे, एक चिडलेला माणूस आहे आणि घाईनं लिहून घेतलेला कागद आहे.

तो कागद, म्हणजे माफीपत्र आणि हमीपत्र, याबद्दल उशीर करू नकोस. तू लिहितेस की वडिलांना मराठी वाचायला वेळ लागतो, घरी तुम्ही तेलुगू बोलता, आणि सही करताना कुणी वाचूनही दाखवलं नाही. मग दोघांनी मिळून आठवड्याच्या आत लेखी कळवा : अमुक तारखेला दबावाखाली, मजकूर समजावून न देता सही घेतली, ते मान्य नाही, त्याची प्रत द्यावी. महिन्या-दोन महिन्यांनी हेच सांगितलंस तर ‘मग तेव्हा का बोलली नाहीस’ हा पहिला प्रश्न येतो आणि त्याला बरं उत्तर सापडत नाही.

मोबाइलचं उत्तर एका दमात देता येईल. वर्गात वाजला म्हणून तासापुरता काढून घेणं, परीक्षागृहात बंदी, हे शिस्तीत बसतं. कुलूप उघडायला लावून चॅट वाचणं बसत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं. त्याच्या आधारावर केरळ उच्च न्यायालयानं १९ सप्टेंबर २०१९ रोजी एका विद्यार्थिनीला हॉस्टेलमध्ये परत घ्यायला लावलं. संध्याकाळी मोबाइल जमा करण्याचा नियम तिनं पाळला नव्हता, एवढ्यावरून तिला बाहेर काढलं होतं. केरळचा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण वाचून दाखवता येतो. पुढच्या वेळी कुणी फोन मागितला तर एकच वाक्य : ‘सर, लेखी द्या, मी वडिलांना आणि वकिलांना विचारून सांगते.’ हात थरथरले तरी चालतील.

आता नोंदी. कॉलेजकडे तुझ्याबद्दल काय काय असतं याचा अंदाज बहुतेक मुलांना नसतो. प्रवेश अर्ज, त्याला जोडलेला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधारची झेरॉक्स, बँक पासबुक, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीची फाइल, जनरल रजिस्टरमधली नोंद, हजेरीपट, अंतर्गत गुण, एखादी शिस्तीची फाइल, समुपदेशन कक्षातल्या टिपा. यातलं प्रत्येक वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाच्या ताब्यात असतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. फी थकलेल्यांची यादी नावानिशी नोटीस बोर्डावर, शिष्यवृत्तीची यादी जात आणि मोबाइल नंबरसकट ग्रुपवर, हे आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की ते करणाऱ्या क्लार्कला त्यात काही वावगं वाटतच नाही. यादी लावायला हरकत नाही. ती पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, किंवा बैठक क्रमांकानं लावता येते. पूर्ण आधार क्रमांक तर कुठंच जाहीर करायचा नसतो. पदवी प्रमाणपत्रावर आधार क्रमांक छापू नका, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर २०२३ मध्ये कळवलंय. तुझा स्क्रीनशॉट नावासह ग्रुपवर टाकणं ही चौकशी न करता दिलेली शिक्षाच आहे. त्या मेसेजचाही स्क्रीनशॉट ठेव, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा.

वडिलांना हजेरी आणि गुण दाखवले, याबद्दल मात्र माझं मत तुला आवडणार नाही. अठरा पूर्ण झाले की कायद्यानं तू सज्ञान आहेस, हे खरं. पण प्रवेश अर्जावर पालकांची सही असते, फी बहुतेक वेळा तेच भरतात, आणि हजेरीबद्दल पालकांशी बोलू नये असा थेट नियम आपल्याकडे नाही. एवढ्यावरून कोणतंही न्यायालय कॉलेजला झापेल असं मला वाटत नाही. समुपदेशकांची गोष्ट वेगळी. तिथं तू काहीतरी विश्वासानं सांगायला गेलीस. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गुप्तता लिहिलेली आहे आणि मानसिक आरोग्य व्यावसायिकांवर ती बंधनकारक आहे. तुमच्या मॅडम त्या व्याख्येत बसतात की त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका असून जादा काम म्हणून कक्ष बघतात, यावर कलम थेट लागतं की नाही ते ठरेल. लागलं नाही तरी २०१७ चा खाजगीपणाचा निकाल आहेच. आणि मुळात प्रश्न हा की उपप्राचार्यांना हे कळलं कुठून? कक्षाचं रजिस्टर कोण उघडतं? सगळ्या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट हीच, आणि तू ती जाता जाता एका ओळीत लिहिलीयस. तक्रारीत ती पहिल्या क्रमांकावर घे. नळ दुसऱ्या.

तक्रार कुठं करायची? विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम एप्रिल २०२३ मध्ये आले. ते अनुदानित, विनाअनुदानित सगळ्यांना लागू आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिच्यात एक विद्यार्थी प्रतिनिधीही बसतो. तक्रारीच्या व्याख्येत माहितीपत्रकात कबूल केलेल्या सुविधा न देणं आहे, विद्यार्थ्याला त्रास देणं आणि त्याच्यावर डूख धरणंही आहे. म्हणजे तुझं पाणी आणि तुझा छळ दोन्ही त्यात बसतात. समितीनं कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यायचा. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात, कॉलेजच्या संस्थाचालकांच्या पंगतीतले नसतात. त्याचा फायदा होतो. समितीच कॉलेजात अस्तित्वात नसेल, तर ‘समिती नाही’ एवढीच एक तक्रार सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर न करता विद्यापीठाकडे आणि उच्च शिक्षण सहसंचालकांच्या सोलापूर कार्यालयाकडे लेखी कर. अनुदान तिथून येतं, त्यामुळे तिथून आलेल्या पत्राला कॉलेज लगेच उत्तर देतं.

फाइल बघायला माहिती अधिकार. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, हे तुझ्या पथ्यावर पडलं. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी शिक्षणसंस्था माहिती अधिकाराखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. दाराजवळ जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाचा फलक असेल. अर्ज दहा रुपयांचा, कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून रामायण लिहायचं नाही. मजकूर असा असू दे :

‘मी आपल्या महाविद्यालयात बी.एस्सी. भाग दोनमध्ये शिकत असून माझा पीआरएन अमुक आहे. माझ्या स्वतःच्या नावे असलेल्या शिस्तविषयक नोंदी, त्यासंबंधी काढलेल्या नोटिसा व आदेश, मी आणि माझ्या वडिलांनी अमुक तारखेला सही केलेली कागदपत्रं, आणि माझ्याबद्दल अन्य कोणाशी झालेला पत्रव्यवहार यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच ही फाइल प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिवस व वेळ कळवावी.’

एवढं पुरे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ लागतो, वर्षसुद्धा जातं, म्हणून भिस्त पहिल्या अपिलापर्यंतच्या टप्प्यांवर ठेव. ‘ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही’ असं उत्तर हमखास येईल, विशेषतः नोव्हेंबर २०२५ मध्ये कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहितीची सवलत रुंद झाल्यापासून. त्यावर लिही की माहिती माझीच आहे आणि मागणारीही मीच आहे. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ च्या निकालात मान्य केलाय, तोही याच कायद्याखाली. उलट तिसऱ्याच माणसानं तुझे गुण किंवा तुझी फाइल मागितली, तर माहिती अधिकाऱ्यानं कलम ११ प्रमाणे पाच दिवसांत तुला कळवायचं असतं आणि तुला हरकत घ्यायला दहा दिवस मिळतात. हे फार कमी जणांना माहीत आहे, कॉलेजातल्या माहिती अधिकाऱ्यालाही नसतं बऱ्याचदा.

विनाअनुदानित कॉलेजातल्या मुलांनी हाच अर्ज विद्यापीठाकडे करावा. जी माहिती विद्यापीठाला कायद्यानं कॉलेजकडून मागवता येते, ती त्यांनी मागवून द्यायची असते.

मावसभावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत १९७४ पासून शैक्षणिक नोंदींचा वेगळा कायदा आहे, फेर्पा म्हणतात त्याला. मूल कॉलेजात गेलं की नोंदींवरचे पालकांचे हक्क त्याच्याकडे येतात, नोंदी बघायला मागितल्या तर कॉलेजनं ४५ दिवसांत दाखवायच्या असतात, चुकीची नोंद दुरुस्त करून मागता येते. पण पालक करासाठी मुलाला अवलंबून दाखवत असतील तर कॉलेज त्यांना नोंदी दाखवू शकतं, आणि कायदा मोडला म्हणून विद्यार्थ्याला स्वतः या कायद्याखाली कॉलेजवर दावा लावता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये म्हटलंय. तक्रार शिक्षण खात्याकडेच करायची. त्याला सांग. आपल्याकडे फक्त विद्यार्थ्यांसाठी असा कायदा नाही, पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. स्वतःची माहिती बघण्याचे, दुरुस्त करून घेण्याचे हक्क देणारी कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मेमध्ये लागू व्हायची आहेत. तो कायदा संगणकातल्या माहितीपुरता आहे. लाल बस्त्यातल्या फाइलींना तो लागणार नाही, स्कॅन केल्या तर लागेल. तोवर माहिती अधिकार आणि तक्रार समिती हीच तुझी अवजारं.

न्यायालयात जावं का? शेवटचा उपाय म्हणून, आणि हॉल तिकीट खरंच रोखलं तर लगेच. खाजगी संस्था असली तरी ती सार्वजनिक कर्तव्य बजावत असेल तर तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका चालते, हे गुजरातमधल्या एका ट्रस्टच्या कॉलेजच्या खटल्यात १९८९ मध्येच ठरलं. पूर्वी त्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई गाठावी लागायची आणि पक्षकार तिकिटाचा खर्च ऐकूनच माघार घ्यायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापूरला बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. वकिलाच्या फीची चिंता करू नकोस. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० वर फोनही करता येतो. वडिलांना सोबत ने. त्यांच्यावर खोटा धाक बसवलेला आहे आणि तो तुझ्या बोलण्यानं जाणार नाही, काळ्या कोटातल्या माणसानं समोर बसून सांगितलं तर जाईल. तिथं तेलुगू बोलणारा कुणीतरी निघतोच, सोलापूर आहे.

राहिला एल.सी.वरचा शेरा. तो आज मारला जाणार नाही, तू तिसरं वर्ष संपवून दाखला मागशील तेव्हा ‘वर्तणूक’ या रकान्यात येईल, आणि तोवर हे सगळं कुणाच्या लक्षात नसेल, रजिस्टरमधली नोंद सोडून. चौकशी आणि आदेश नसताना तिथं ‘असमाधानकारक’ लिहिणं ही सुनावणीशिवाय दिलेली शिक्षाच. म्हणून माहिती अधिकाराच्या उत्तरात शिस्तभंगाचा आदेश नाही असं आलं तर तो कागद जपून ठेव, लॅमिनेट करू नकोस, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घाल. दाखला घेताना रजिस्टरवर सही करण्याआधी तो रकाना वाच. काही वेडंवाकडं लिहिलं असेल तर सहीशेजारी ‘शेरा अमान्य, हरकत नोंदवून स्वीकारला’ असं स्वतःच्या अक्षरात लिही, तारीख टाक, आणि त्याच दिवशी प्राचार्यांना दुरुस्तीचा अर्ज दे.